लायब्ररी सापडत नाही. पण शोधली कुठे?

गेल्या अंकात विचारलं होतं, की तुमच्या वेब अ‍ॅप्लिकेशनची सगळ्यात जास्त छळणारी एरर कोणती. पत्रांचा गठ्ठा उघडला आणि हसूच आलं. भाषा वेगळ्या, फ्रेमवर्क वेगळे, पण रडगाणं एकच: अमुक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) सापडत नाही. म्हणून हा अंक त्याच एका दुखण्याला.

आधी एक सूचना. सदर देवनागरीत छापलं जातं, म्हणून कमांड आणि फाइलींची नावंही देवनागरीत आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच करायची. मागे एकांनी इथली कमांड जशीच्या तशी टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) उतरवली आणि 'कमांड नॉट फाउंड' येतंय म्हणून मला नवा प्रश्न पाठवला होता.

प्रश्न: ताई, मी फ्लास्कमध्ये (पायथन भाषेची वेब लायब्ररी) एक छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिलं आहे. टर्मिनलमधून चालवलं की छान चालतं. सर्व्हरवर सर्व्हिस म्हणून (आपोआप उठून मागे चालत राहील असं) लावलं की लॉगमध्ये येतं, 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर, नो मॉड्यूल नेम्ड फ्लास्क'. लायब्ररी आणणाऱ्या पिपने पुन्हा इन्स्टॉल केलं तर पिप म्हणतं, आधीच आहे. सुडो लावूनही (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) करून पाहिलं. एक म्हणतं आहे, दुसरं म्हणतं नाही. खोटं कोण बोलतंय?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, तिसरं वर्ष

उत्तर: कोणीच नाही. दोघं दोन वेगळ्या घरांबद्दल बोलतायत.

तुझ्या सर्व्हरवर पायथन एकच आहे असं तू धरून चालली आहेस. तसं क्वचितच असतं. एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेलं, एक तू व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) बनवलंस त्यातलं, आणि कधी कधी तिसरं, जे कोणी टाकलं हे कोणालाच आठवत नाही. प्रत्येकाचं लायब्ररी ठेवायचं फोल्डर निराळं. पिप ज्या पायथनचं असेल त्याच्याच फोल्डरात माल ठेवतं आणि तिथेच पाहून 'आधीच आहे' म्हणतं. तुझी सर्व्हिस दुसऱ्याच पायथनवर उठते आणि आपल्या फोल्डरात पाहून 'नाही' म्हणते.

आता हे मी सांगते म्हणून मानू नकोस, सर्व्हिसच्याच तोंडून वदवून घे. अ‍ॅप्लिकेशनच्या फाइलीत सगळ्यात वर, फ्लास्कच्या इम्पोर्टच्याही (लायब्ररी कोडमध्ये आणणाऱ्या ओळीच्याही) आधी, 'सिस' इम्पोर्ट कर आणि 'सिस.एक्झिक्युटेबल' व 'सिस.पाथ' या दोन गोष्टी प्रिंट कर. पहिलीतून कळेल कोणतं पायथन चाललंय, दुसरीतून ते कुठकुठे शोधतंय. मग टर्मिनलमध्ये 'पिप --व्हर्जन' कर. त्यात व्हर्जनच्या पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता आणि पायथनचा आकडा येतो. लोक तो वाचतच नाहीत. दोन पत्ते शेजारी ठेव, जुळणार नाहीत.

बहुधा घडलंय ते असं. टर्मिनलमध्ये तू 'अ‍ॅक्टिव्हेट' करतेस. त्याने फक्त त्या खिडकीपुरता पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या ठिकाणांची यादी, बदलतो. सर्व्हिस तुझ्या खिडकीतून उठत नाही, त्यामुळे तिला तुझ्या अ‍ॅक्टिव्हेटचा गंधही नसतो. सर्व्हिस फाइलीत गुनिकॉर्नचा, म्हणजे फ्लास्क चालवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामचा, पत्ता बघ. तो यूएसआर/बिनमधला असेल तर ते सिस्टिमचं गुनिकॉर्न आहे आणि ते सिस्टिमचंच पायथन उठवणार. गुनिकॉर्न तुझ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येच टाक आणि सर्व्हिस फाइलीत त्याचा पूर्ण पत्ता लिही, म्हणजे व्हीएन्व्ह/बिन/गुनिकॉर्न असा. अ‍ॅक्टिव्हेट करायची गरजच उरत नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या स्क्रिप्टलाही हाच उपाय.

आणि यापुढे नुसतं 'पिप इन्स्टॉल' न म्हणता 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' म्हण. जे पायथन पुढे लिहिशील त्याच्याच घरात माल जाईल, संशयाला जागा नाही.

सुडोचं मात्र तुला रागावूनच सांगते. सुडो पिपने सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ होते आणि त्या पायथनवर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची हत्यारं चालतात. म्हणून तर २०२३ पासून लिनक्सच्या डेबियन १२ सारख्या वितरणांत पिप सरळ नकार देतं, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून. त्यावरची पळवाट आहे तिचं नावच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' आहे. एवढं स्पष्ट नाव वाचूनही लोक ती वापरतात.

जाता जाता माझी एक फजिती. मी एकदा पत्रं पाठवायचा छोटा कोड लिहिला आणि फाइलीला नाव दिलं ईमेल.पीवाय. झालं, वेबचं सगळंच बंद. एरर म्हणे, 'नो मॉड्यूल नेम्ड ईमेल.पार्सर, ईमेल इज नॉट अ पॅकेज'. मी कधी ईमेल.पार्सर वापरलंच नव्हतं! पण पायथनची स्वतःची एचटीटीपी लायब्ररी आतून ते वापरते. पायथन आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरात शोधतं, तिथे त्याला माझी फाइल मिळाली आणि पुढे बघायचं कारणच उरलं नाही. अर्धा दिवस गेला. एररचा उत्तरार्ध, 'इज नॉट अ पॅकेज', मी वाचलाच नव्हता. तुझ्या फोल्डरात फ्लास्क.पीवाय नावाची फाइल नाही ना, तेवढं पाहून घे.

प्रश्न: मी निवृत्तीनंतर वेब प्रोग्रामिंग शिकतो आहे. एरर आली की तिच्यात जे नाव असतं तेच इन्स्टॉल करतो, निम्म्या वेळा जमतं. न जमल्यास एआय चॅटला विचारतो, ते एखादं पॅकेज सुचवतं, ते टाकतो. मुलगा म्हणतो, बाबा, हे धोक्याचं आहे. खरंच आहे का?
— एक निवृत्त लेखापाल

उत्तर: काका, मुलगा बरोबर आहे. निम्म्या वेळा का जमत नाही ते आधी सांगते, म्हणजे धोका आपोआप कळेल.

कोडमध्ये जे नाव इम्पोर्ट होतं आणि पॅकेजांच्या, म्हणजे इन्स्टॉल करायच्या लायब्ररींच्या, दुकानात जे नाव पाटीवर असतं ते एकच असावं असा पायथनमध्ये नियम नाही. एरर म्हणते 'सीव्ही२' नाही. पॅकेजचं नाव ओपनसीव्ही-पायथन. 'याम्ल' नाही म्हणते, पॅकेज पायवायएएमएल. 'एसकेलर्न' म्हणते, पॅकेज सायकिट-लर्न. 'पीआयएल'ची गोष्ट तर मजेदार आहे. पीआयएल ही चित्रांवर काम करणारी जुनी लायब्ररी होती. तिची देखभाल थंडावली तेव्हा २०१० मध्ये पिलो नावाने तिचा नवा फाटा निघाला. जुने कोड मोडू नयेत म्हणून पिलोने इम्पोर्टचं नाव मात्र पीआयएलच ठेवलं. म्हणून आजही टाकायचं पिलो आणि हाक मारायची पीआयएल.

आता धोका. पायपीआय (पायथनचं दुकान) किंवा एनपीएमवर (जावास्क्रिप्टचं) कोणीही, कोणतंही रिकामं नाव घेऊन पॅकेज चढवू शकतो. प्रसिद्ध नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून सापळा लावणारे खूप आहेत. एआय चॅटने त्यात भर घातली आहे. ते कधी कधी अस्तित्वातच नसलेलं, पण ऐकायला अगदी खरं वाटणारं नाव सुचवतं, आणि तेच नाव पुन्हा पुन्हा सुचवतं. अशी नावं हेरून त्यांवर कोणी आपला माल ठेवला की तुमच्यासारखा विश्वासू माणूस तो घरात आणतो. बऱ्याच पॅकेजांत इन्स्टॉल होतानाच कोड चालू शकतो, म्हणजे पुढे तुम्ही ते वापरलं नाही तरी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तुम्ही लेखापाल होता ना? मग अनोळखी नावाचं बिल आलं तर काय करायचात? तेच करा. ज्या लायब्ररीचं काम आहे तिच्या मूळ दस्तऐवजात इन्स्टॉलची ओळ असते, नाव तिथून उचला. पॅकेजच्या पानावर पहिलं व्हर्जन कधीचं, मूळ कोड कुठे ठेवलाय, किती व्हर्जनं निघाली, हे पाहायला मिनिट लागतं. कालच जन्मलेलं आणि एकच व्हर्जन असलेलं पॅकेज दिसलं तर हात आवरा.

प्रश्न: आमचं जावास्क्रिप्टमधलं रिअ‍ॅक्ट अ‍ॅप्लिकेशन माझ्या मॅकवर आणि सहकाऱ्याच्या विंडोजवर बिल्ड होतं (कोड चालवण्याजोगा तयार होतो). बिल्ड सर्व्हरवर दर वेळी 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल'. पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत, सगळं आहे. मी चिडून नोड_मॉड्यूल्स, म्हणजे आणलेल्या लायब्ररींचं फोल्डर, गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या हत्यारात) टाकायच्या बेतात आहे.
— एक फ्रंट-एंड डेव्हलपर

उत्तर: बेत रद्द करा. पूर्ण एरर पाठवली नाहीत (कोणीच पाठवत नाही), तेव्हा मला तीन ठिकाणी हात घालून बघावं लागेल.

पहिलं, न सापडलेल्या नावाची सुरुवात बघा. ती बिंदू आणि तिरक्या रेघेने होत असेल तर हरवलेली लायब्ररी नव्हे, तुमचीच फाइल आहे. मॅक आणि विंडोजवर फाइलींच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद सहसा पाळला जात नाही, लिनक्सवर पाळला जातो. इम्पोर्टमध्ये हेडर मोठ्या एचने आणि डिस्कवर फाइल लहान एचने, तर तुम्हा दोघांकडे चालेल आणि बिल्ड सर्व्हरवर, जो बहुधा लिनक्स असतो, मोडेल. यातली खरी गंमत पुढे आहे. तुम्ही फाइलीचं नाव सुधारता, कमिट (बदलाची नोंद) करायला जाता आणि गिट म्हणतं काहीच बदललं नाही, कारण तुमच्या मशीनवर त्यालाही भेद दिसत नाही. नाव 'गिट एमव्ही' ने बदला, मग त्याची नोंद होते.

दुसरं, नाव खरोखर लायब्ररीचं असेल तर ते पॅकेज.जेसनच्या कोणत्या यादीत आहे? 'डिपेंडन्सीज' (चालवायला लागणाऱ्या) की 'डेव्हडिपेंडन्सीज' (फक्त बनवायला लागणाऱ्या)? सर्व्हरवर नोड_एन्व्ह या सेटिंगची किंमत 'प्रॉडक्शन' असली की एनपीएम दुसऱ्या यादीला हातच लावत नाही. पण वीट, वेबपॅक, टाइपस्क्रिप्ट ही बिल्डची हत्यारं नेमकी तिथेच राहतात. बिल्ड होताना सगळं इन्स्टॉल करायचं आणि चालवायला नेताना डेव्हची यादी गाळायची, हा सरळ रस्ता. सगळं उचलून पहिल्या यादीत कोंबणारेही आहेत. चालतं, पण घर अडगळीने भरतं.

तिसरं मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात चूक महिनोन् महिने झोपून राहते. एक्सप्रेस (वेब सर्व्हर लिहायची लायब्ररी) टाकलं की त्याच्यासोबत 'डीबग' नावाचं पॅकेज येतं, कारण एक्सप्रेसला ते लागतं. एनपीएम अशी पाहुणी पॅकेजंही शक्यतो नोड_मॉड्यूल्सच्या वरच्याच पातळीवर ठेवतं. तुम्ही कोडमध्ये सहज 'डीबग' मागितलं तर ते मिळतं. पॅकेज.जेसनमध्ये त्याचं नाव नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मग एक दिवस असं पॅकेज आणणारी लायब्ररी व्हर्जन बदलते, पाहुण्याला सोडून देते, आणि ज्या ओळीला वर्षभर कोणी शिवलं नव्हतं ती ओळ कोसळते. असा संशय आला तर 'एनपीएम एलएस' आणि पुढे पॅकेजचं नाव. ते कोणाच्या बोटाला धरून आलंय हे झाडासारखं दिसतं. जे वापरता ते स्वतःच्या यादीत लिहा. एनपीएमऐवजी वापरता येणारं पीएनपीएम हे मुळातच कडक आहे, पाहुण्याला तुमच्या कोडसमोर येऊच देत नाही. म्हणून एनपीएमवरून तिकडे गेल्यावर लोकांना एकदम दहा लायब्ररी हरवल्यासारख्या वाटतात. त्या हरवलेल्या नसतात, आपल्या कधी नव्हत्याच.

प्रश्न: काहीही झालं की आमच्याकडे नोड_मॉड्यूल्स आणि लॉक फाइल दोन्ही उडवून पुन्हा इन्स्टॉल करतात. हे योग्य आहे?

उत्तर: फोल्डर उडवा, खुशाल. लॉक फाइलीला हात लावू नका. कोणतं व्हर्जन नेमकं चालत होतं याची ती एकमेव लेखी साक्ष आहे. ती जाळली की उद्या जे येईल ते वेगळंच असेल आणि एररही नवी असेल. 'एनपीएम सीआय' ही कमांड नेमकं हेच करते, जुनं फोल्डर काढून लॉक फाइलीबरहुकूम मांडणी. पीएचपीवाल्यांसाठी (तुमचं एनपीएम म्हणजे कंपोझर): सर्व्हरवर 'कंपोझर इन्स्टॉल', 'कंपोझर अपडेट' नाही. आणि 'व्हेंडर/ऑटोलोड.पीएचपी' उघडता येत नाही अशी एरर असेल तर बहुतेक वेळा हे इन्स्टॉल करायचंच राहिलेलं असतं, डोकं खाजवत बसू नका.

प्रश्न: मॅडम, आमचं दहा वर्षांचं जावा अ‍ॅप्लिकेशन टॉमकॅट (जावाची वेब अंगं चालवणारा सर्व्हर) ९ वरून १० वर नेलं. डिप्लॉय करताच (सर्व्हरवर चढवताच) 'नोक्लासडेफफाउंडएरर, जावाएक्स सर्व्हलेट'. सर्व्हलेटचं (वेबच्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा कोडचं) जार, म्हणजे बांधलेली लायब्ररी, टॉमकॅटच्या लिब फोल्डरात डोळ्यांना दिसतंय. मी ते आमच्या वेब-इन्फ/लिबमध्येही टाकून पाहिलं, तर वेगळ्याच एरर सुरू झाल्या.
— एक वरिष्ठ प्रोग्रामर

उत्तर: जार आहे, पण आतल्या वर्गांचं (क्लासेसचं) आडनाव बदललंय.

जावाचा हक्क असलेल्या ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई (सर्व्हरसाठीचं जावा) इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. कोड गेला, पण 'जावा' या नावावरचा हक्क ओरॅकलकडेच राहिला आणि जावाएक्स हे नाव पुढच्या बदलांसाठी वापरण्यावर दोघांचं जमलं नाही. परिणामी २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये (जावा ईईचं नवं नाव) जावाएक्स.सर्व्हलेट हे जकार्ता.सर्व्हलेट झालं. टॉमकॅट १० हे नवं नाव पाळतं. एका कागदावरच्या वादाची झळ तुमच्या दहा वर्षांच्या कोडला बसली, त्यात तुमचा काही दोष नाही.

जुनं जार वेब-इन्फ/लिबमध्ये टाकलंत ते काढून टाका. सर्व्हलेटचे वर्ग कंटेनर, म्हणजे इथे टॉमकॅट, पुरवतो. मेव्हन या बिल्डच्या हत्यारात त्यासाठीच 'प्रोव्हायडेड' हा स्कोप आहे. तुमच्या जुन्या सर्व्हलेटला जुनं नाव मिळालं खरं, पण टॉमकॅट १० त्याला सर्व्हलेट म्हणून ओळखतच नाही.

रस्ते दोन. घाई असेल तर टॉमकॅट १० मध्ये 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करा आणि जुनं वॉर, म्हणजे बांधलेल्या वेब प्रोग्रामची फाइल, त्यात ठेवा. डिप्लॉय होताना टॉमकॅट नावं बदलून घेतं. हेच काम आधी करून ठेवणारं स्थलांतराचं स्वतंत्र हत्यारही अपाचेने दिलं आहे. सवड असेल तर कोडच बदला. मात्र जोशात येऊन सगळीकडे 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' करू नका! जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.क्रिप्टो ही मंडळी जेडीकेची, म्हणजे मूळ जावाची, घरची आहेत, त्यांची नावं तीच राहिली. मी एका प्रकल्पात असा सरसकट बदल पाहिला आहे. एक एरर घालवायला गेले आणि चाळीस घेऊन आले. तुमच्या इतर लायब्ररींचीही जकार्ता पाळणारी व्हर्जनं घ्यावी लागतील. स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क वापरत असाल तर स्प्रिंग बूट ३ पासून सगळं जकार्तावर आहे.

जावाही त्याच दमात बदललं असेल, आणि ८ वरून ११ किंवा पुढे गेला असाल, तर लवकरच जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड नाही म्हणून दुसरी ओरड होईल. तो एक्सएमएल हाताळणारा जेएएक्सबी आहे. जावा ११ ने, म्हणजे २०१८ मध्ये, त्याला जेडीकेबाहेर काढलं. आता ती डिपेंडन्सी आपण लिहायची.

आणखी एक, जे तुम्हाला माहीत असेलही. 'क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन' आणि 'नोक्लासडेफफाउंडएरर' सारखेच वाटतात पण नाहीत. पहिल्यात कोणीतरी चालता चालता नाव घेऊन वर्ग मागितला आणि तो नव्हता. दुसऱ्यात कंपाइल होताना वर्ग होता, चालताना गायब झाला. दुसऱ्याचा एक फसवा प्रकारही आहे. मजकूर 'कुड नॉट इनिशिअलाइज क्लास' असा असेल तर वर्ग जागेवरच आहे, त्याचा स्टॅटिक (सुरुवातीलाच चालणारा) भाग पहिल्या वेळी कोसळला होता आणि जावा आता त्याचं नावच काढू देत नाही. अशा वेळी जार शोधत बसू नका. लॉगमध्ये वर वर जा, पहिल्यांदा 'एक्सेप्शनइनइनिशिअलायझरएरर' कुठे आली ती ओळ गाठा. खरं कारण तिच्याखाली असतं, बरेचदा एखादी न सापडलेली कॉन्फिग फाइल.

प्रश्न: डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं हत्यार) पायथन अ‍ॅप्लिकेशन आहे. ओपनसीव्ही (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) इन्स्टॉल होतं, एरर नाही. इम्पोर्ट करताच म्हणतं, 'लिबजीएल.एसओ.१, कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. हे पॅकेज पायपीआयवर सापडत नाही.

उत्तर: तिथे सापडणारही नाही. ही पायथनची लायब्ररी नव्हे, ऑपरेटिंग सिस्टिमची आहे. ओपनसीव्हीच्या पोटात सी++ आहे आणि त्या कोडला पडद्यावर खिडक्या दाखवण्यासाठी ही फाइल लागते. तुमच्या लॅपटॉपला पडदा आहे म्हणून ती आधीपासून होती. 'स्लिम' इमेजमधून (कंटेनरच्या छोट्या साच्यातून) अशा गोष्टी छाटलेल्या असतात, म्हणूनच ती स्लिम.

सर्व्हरला पडदा हवाच कशाला? ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस हे पॅकेज घ्या, त्यात खिडक्यांचा भागच नाही. जुनं आधी काढा, कारण दोन्ही पॅकेजं सीव्ही२ या एकाच फोल्डरात माल टाकतात आणि एकमेकांचं पुसतात. बाकी कोणत्याही एसओ फाइलीबद्दल (लिनक्सच्या लायब्ररीच्या फाइलीबद्दल) अशी तक्रार आली तर 'एलडीडी' कमांड त्या लायब्ररीवर चालवा. तिला काय काय लागतं याची यादी येते आणि नसलेल्यापुढे 'नॉट फाउंड' लिहिलेलं असतं. एकदम सगळी कळतात. एक टाका, पुन्हा चालवा, दुसरी टाका, असा खेळ होत नाही.

इमेज अल्पाइन या छोट्या लिनक्सची असेल तर आणखी एक चकवा. अल्पाइनमध्ये ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी नसते, मसल नावाची वेगळी सी लायब्ररी असते. ग्लिबसीसाठी बनवलेली फाइल तिथे चालवली तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं. फाइल समोर दिसत असते! नसतो तो तिला उचलणारा लोडर, ज्याचा पत्ता फाइलीच्या आत लिहिलेला असतो. एररमध्ये त्याचं नाव नाही, तुमच्या फाइलीचं आहे, म्हणून माणूस वेडा होतो.

आणि कृपा करून चालू कंटेनरमध्ये किंवा सर्व्हरवर शिरून हाताने इन्स्टॉल करून मोकळे होऊ नका. मी झाले होते. एका संध्याकाळी पीडीएफ अहवाल निघेनात, एक फॉन्टची लायब्ररी नव्हती, मी सर्व्हरवर लॉगिन करून ती टाकली आणि घरी गेले. कुठे लिहिलं नाही. काही महिन्यांनी तो सर्व्हर बदलला. पीडीएफ पुन्हा बंद. कोड तोच, लॉक फाइल तीच, सगळे चक्रावलेले, आणि त्यांच्यात मीही, कारण मी स्वतः विसरले होते. दोन दिवसांनी जुन्या सर्व्हरच्या कमांडच्या इतिहासात माझी ओळ सापडली, माझ्याच नावाने. डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) एक ओळ लिहिली असती तर तीस सेकंदांचं काम होतं.

प्रश्न: एखादं पॅकेज जगातूनच नाहीसं होऊ शकतं का? की नेहमी चूक आपलीच?

उत्तर: होऊ शकतं. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे जागा भरणं. पण त्यावर दुसरी पॅकेजं, त्यावर तिसरी, असं करत बॅबेल या जावास्क्रिप्टच्या लोकप्रिय हत्यारापर्यंत साखळी गेलेली होती, आणि जगभरच्या बिल्ड पडल्या. एनपीएमने ते काही तासांत परत आणलं आणि नंतर नियम कडक केले. आता ७२ तास उलटलेलं पॅकेज सहजासहजी काढता येत नाही. तरीही ज्यांचं अ‍ॅप्लिकेशन बंद पडणं परवडत नाही ते लागणाऱ्या पॅकेजांची प्रत स्वतःच्या आरशात, म्हणजे मिरर रजिस्ट्रीत, ठेवतात. ठेवावी. पण रोजच्या एररमध्ये आधी स्वतःकडे बघा, लेफ्ट-पॅड रोज होत नाही.

प्रश्न: आमच्या वेबसाइटवर काही वापरकर्त्यांनाच, आणि तेही नवं व्हर्जन टाकल्यावर तासा-दोन तासांतच, पान पांढरं होतं. ब्राउझरच्या कन्सोलवर 'लोडिंग चंक फेल्ड' किंवा कधी 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि पुढे लहानाचं चिन्ह (<). रिफ्रेश केलं की सगळं ठीक. आमच्याकडे कधीच दिसत नाही.
— तिघांची छोटी टीम

उत्तर: तुमच्याकडे दिसत नाही, कारण तुम्ही डिप्लॉय करून लगेच रिफ्रेश करता.

वापरकर्त्याने सकाळी टॅब उघडला. त्यातल्या पानाला जुन्या तुकड्यांची, म्हणजे चंकची, नावं पाठ आहेत. ही नावं फाइलीतल्या मजकुरावरून बनतात, मजकूर बदलला की नाव बदलतं. दुपारी तुम्ही नवं बिल्ड चढवलं आणि जुनं फोल्डर पुसलं. संध्याकाळी त्याने पहिल्यांदाच 'अहवाल' या बटणावर क्लिक केलं, पानाने अहवालाचा जुना तुकडा मागितला, आणि तो आता कुठेच नाही.

'अनएक्स्पेक्टेड टोकन'चं कोडं तिथेच सुटतं. एकपानी अ‍ॅप्लिकेशनसाठी सर्व्हरला सांगितलेलं असतं, की न सापडलेल्या कोणत्याही पत्त्याला इंडेक्स.एचटीएमएल दे. सर्व्हर आज्ञाधारक. जावास्क्रिप्टची फाइल नाही म्हटल्यावर त्याने एचटीएमएल दिलं, वर २०० चा, म्हणजे 'सगळं ठीक'चा, शेरा मारून. ब्राउझर जावास्क्रिप्ट समजून वाचायला लागला आणि पहिलंच चिन्ह टॅगचं निघालं. नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलीवर क्लिक करून उत्तराचा मजकूर बघा, स्वतःचं मुखपृष्ठ दिसेल.

आधी सर्व्हरवर असेट्सच्या, म्हणजे चंक ठेवलेल्या, फोल्डरापुरता तो नियम बंद करा. तिथे नाही तर सरळ ४०४ ('सापडलं नाही') जाऊ दे, निदान एरर खरं बोलेल. मग डिप्लॉय करताना जुने तुकडे पुसू नका, काही दिवस नव्यांच्या शेजारी राहू द्या. नावं वेगळी असल्याने भांडण होत नाही. इंडेक्स.एचटीएमएलला 'नो-कॅश' (साठवलेली प्रत वापरण्याआधी दर वेळी सर्व्हरला विचार) लावा आणि चंकना उलट वर्षभराचा कॅश, कारण त्या नावाचा मजकूर कधी बदलणारच नाही. बहुतेकांकडे हे नेमकं उलटं लावलेलं असतं. एवढं करूनही तुकडा हुकलाच, तर कोडमध्ये ती एरर पकडून पान एकदा रीलोड करा. एकदाच, आणि केल्याची खूण ब्राउझरच्या सेशन स्टोरेजमध्ये ठेवा. नाहीतर सर्व्हर खरोखर बंद असेल त्या दिवशी तुमच्या वापरकर्त्याचं पान गरगर फिरत बसेल.